तळटीप : दोन रंगांची बोली

१. कोल्हापूरच्या या ब्रिजच्या डावात प्रतिस्पर्ध्याच्या ‘एक बदाम’वर लेखकाचा जोडीदार ‘दोन बदाम’ म्हणतो, तो बदामासाठी नव्हे. अमेरिकेतल्या माइक मायकेल्स यांच्या नावाने चालणारा हा संकेत आहे : इस्पिकची किमान पाच पाने आणि चौकट किंवा किलवरचीही पाच. कोणती, हे ‘दोन बिनहुकूम’ म्हणून विचारायचे. याउलट, प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवर थेट ‘दोन बिनहुकूम’ म्हटले, तर न बोललेले सर्वांत खालचे दोन रंग; ही युक्ती अॅल्विन रॉथ यांची. एक्के-राजे थोडे असले, तरी रंग जुळल्यावर हुकमाने पुष्कळ दस्त होतात, म्हणून हे धाडस. संकेताचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांनी विचारल्यास सांगावाच लागतो. — संपादक