गिटारचा जड नाद व नलिका विवर्धक

विद्युत् गिटारचा क्षीण विद्युत् संदेश निर्वात नलिकांच्या विवर्धकातून त्याच्या मर्यादेपलीकडे नेला असता त्या संदेशाचे विरूपण होते व मूळच्या स्वच्छ स्वराऐवजी दाट, खरखरीत आणि दीर्घकाळ टिकणारा नाद ऐकू येतो. रॉक संगीतात, विशेषतः १९७० नंतरच्या ‘हेवी मेटल’ या प्रकारात, या नादाला मध्यवर्ती स्थान आहे. विवर्धकाच्या अभिकल्पकांनी जो दोष मानला व टाळण्याचा प्रयत्न केला, तोच वादकांनी गुण मानून जोपासला. त्यामुळे या नादाचा इतिहास बव्हंशी एक दोष नेमका कोठे, किती व कोणत्या कंप्रतांच्या बाबतीत घडू द्यावयाचा, या शोधाचा इतिहास आहे.

जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ नलिका तयार केली व ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत जालक हा तिसरा विद्युत् अग्र घातला. जालकावरील अल्प दाबबदलाने धनाग्राकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह नियंत्रित होतो, हे विवर्धनाचे तत्त्व होय. आदान दाब फार वाढला, तर एका अर्धचक्रात प्रवाह पूर्णपणे तुटतो आणि दुसऱ्यात जालक धन होऊन स्वतःच प्रवाह खेचू लागतो. परिणामी तरंगाची दोन्ही टोके सपाट होतात. सपाट झालेल्या तरंगात मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट इ. कंप्रतांचे संनादी स्वर नव्याने उत्पन्न होतात. शिवाय तार छेडल्यानंतर कंपन हळूहळू मंदावत असले, तरी तरंग दीर्घकाळ त्याच उंचीवर छाटला जात असल्याने स्वर ओसरत नाही. छेडून वाजविण्याच्या वाद्याला सारंगीसारख्या गजाच्या वाद्याचा गुण येतो, तो यामुळेच.

प्रारंभीचे विरूपण अपघातानेच घडले. जॅकी ब्रेन्स्टन यांच्या नावाने १९५१ मध्ये निघालेल्या ‘रॉकेट ८८’ या ध्वनिमुद्रिकेतील गिटारचा घोगरा आवाज प्रवासात नादुरुस्त झालेल्या विवर्धकाचा होता. फाटलेल्या ध्वनिक्षेपकात कागद कोंबून तो वापरण्यात आला. लिंक रे यांनी ‘रंबल’ (१९५८) साठी विवर्धकाच्या ध्वनिक्षेपकाला जाणूनबुजून भोके पाडली, तर इंग्लंडमधील ‘द किंक्स’ या वृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये एका लहान विवर्धकाच्या ध्वनिक्षेपकाचा शंकू पात्याने चिरला. अपघाताचे अनुकरण येथवर हत्यारांनी चालले होते. विवर्धकाच्या मंडलाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मार्शल विवर्धक : लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल येथे तालवाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल (१९२३–२०१२) यांच्याकडे येणारे तरुण गिटारवादक मोठ्या आवाजाच्या व निराळ्या नादाच्या विवर्धकाची मागणी करीत. अमेरिकन विवर्धक आयात करणे महाग पडे. म्हणून मार्शल, त्यांच्या दुकानातील तंत्रज्ञ केन ब्रॅन आणि तरुण साहाय्यक डडली क्रेव्हन यांनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर (१९०९–९१) यांच्या ‘बासमन’ या विवर्धकाचे मंडल जवळजवळ तसेच उचलून ‘जेटीएम ४५’ हा विवर्धक तयार केला. गंमतीचा भाग असा, की बासमन हा खर्जाच्या गिटारकरिता योजलेला होता. ब्रिटनमध्ये सहज मिळणारे सुटे भाग, पहिल्या टप्प्यातील अधिक विवर्धनाची ईसीसी८३ नलिका (अमेरिकेत १२एएक्स७, विवर्धनांक १००), निराळे प्रदान रोहित्र आणि बंद पेटीतील सेलेस्टियन कंपनीचे चार १२ इंची ध्वनिक्षेपक, एवढ्या फरकांनी त्याचा नाद मूळ नमुन्यापासून दूर गेला. तो लवकर विरूपित होई.

या नादाचे सामर्थ्य ध्वनिमुद्रणात प्रथम ठसठशीतपणे प्रकट झाले ते जॉन मेऑल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या १९६६ च्या मुद्रिकेत. तीत एरिक क्लॅप्टन यांनी गिब्सन कंपनीची ‘लेस पॉल’ गिटार मार्शल विवर्धकाला जोडली व विवर्धक रंगमंचावर असतो तितक्याच मोठ्या आवाजात ठेवण्याचा आग्रह धरला. सूक्ष्मध्वनिग्राहक जवळ ठेवून हळू आवाजात मुद्रण करण्याची तत्कालीन स्टुडिओतील रीत यामुळे मोडली. लेस पॉल गिटारमधील दुहेरी वेटोळ्याचा संवेदक सेथ लव्हर यांनी वीजपुरवठ्याचा गुंजारव टाळण्यासाठी १९५५ च्या सुमारास योजला होता. पण त्याचा प्रदान संदेश साध्या संवेदकापेक्षा जोरकस असल्याने पहिलीच नलिका मर्यादेपाशी येऊन ठेपे, हा त्याचा अनपेक्षित उपयोग ठरला.

‘द हू’ या वृंदाचे पीट टाऊनझेंड यांच्या मागणीवरून १९६५ मध्ये मार्शल कंपनीने १०० वॉटचा विवर्धक बनविला. त्याच्यासाठी आठ ध्वनिक्षेपकांची एकच पेटी करण्यात आली होती, परंतु ती उचलताना कामगारांची इतकी तारांबळ उडे, की तिच्या जागी चारचार ध्वनिक्षेपकांच्या दोन पेट्या एकीवर एक रचण्याची प्रथा पडली. रॉक रंगमंचाची खूण बनलेल्या त्या उंच राशीचे मूळ एवढेच आहे. पुढे प्रदान टप्प्यात ईएल३४ या पंचप्रस्थ नलिका आल्या आणि नलिकेच्या एकदिशकारकाची जागा सिलिकॉन डायोडांनी घेतली. नलिकेचा एकदिशकारक जोराच्या आघाताला दाबाने किंचित खचतो व स्वर मऊ करतो. डायोड तसे खचत नाहीत, त्यामुळे आघात ताठ व कोरीव राहतो. जड संगीताला पुढे हेच हवे होते.

जडपणाचे स्वरूप : विरूपण अधिक म्हणजे नाद अधिक जड, अशी समजूत नवशिक्या वादकांत आढळते. ती चुकीची आहे. जड संगीतात वादक सहसा पूर्ण स्वरसंघात न वाजविता केवळ षड्ज व पंचम एकत्र वाजवितात. याचे कारण विरूपणाच्या भौतिकीत आहे. दोन स्वर एकाच विरूपक टप्प्यातून गेले, की त्यांच्या कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर उत्पन्न होतात. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंप्रता सु. ८२ हर्ट्झ व तिच्या पंचमाची सु. १२३ हर्ट्झ असते. त्यांतील अंतर सु. ४१ हर्ट्झ, म्हणजे मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा षड्ज होय. कोणी न वाजविलेला हा मंद्र षड्ज नादाला वजन देतो. ध्वनिक्षेपक इतकी खालची कंप्रता क्षीणच देतो; पण तिचे वरचे संनादी स्वर ऐकून कान तिची पूर्ती करतो. याउलट पडद्यांच्या गिटारमधील गांधार, हार्मोनियममधल्याप्रमाणे, शुद्ध गांधारापेक्षा सु. १४ सेंट चढा असतो. त्यापासून निघणारे वजाबाकीचे स्वर षड्जाशी जुळत नाहीत व नादात गढूळपणा येतो. तानपुऱ्याच्या षड्ज-पंचमाशी परिचित असलेल्या श्रोत्याला ही निवड सहज पटावी.

दुसरी बाब अशी, की खालच्या कंप्रता मोठ्या दाबाच्या असतात. त्या तशाच विरूपक टप्प्यावर सोडल्या, तर जालकाच्या प्रवाहाने जोडधारित्र प्रभारित होते, नलिका क्षणभर बंद पडते आणि नाद फुटल्यासारखा, भुरभुरीत होतो. म्हणून विरूपणापूर्वी खर्ज कमी करावा व विरूपणानंतर तो परत वाढवावा, हा नियम अनुभवाने रूढ झाला. मार्शलच्या उत्तरकालीन विवर्धकांत पहिल्या टप्प्याच्या ऋणाग्रापाशी केवळ ०·६८ मायक्रोफॅराड धारित्र असे. त्यामुळे खालच्या कंप्रतांचे विवर्धन आपोआप कमी होई. जड नाद मिळविण्यासाठी आधी खर्ज काढून टाकावा लागतो, हा विरोधाभास अनेकांच्या लक्षात फार उशिरा आला.

बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी (जन्म १९४८) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात झालेल्या अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने पडद्यांवर तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी बोटांसाठी प्लॅस्टिकची टोपणे घरी बनविली, हलक्या तारा वापरल्या आणि ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ (१९७१) या मुद्रिकेतील काही रचनांसाठी गिटार तीन अर्धस्वर उतरवून लावली. ‘ब्लॅक सॅबथ’ (१९७०) या त्यांच्या वृंदाच्या पहिल्या मुद्रिकेपासून जो नाद ‘हेवी मेटल’चा आदर्श मानला गेला, तो लेनी कंपनीच्या १०० वॉटच्या नलिका विवर्धकाचा खरा, तथापि त्या विवर्धकापुढे वरच्या कंप्रता वाढविणारे एक लहानसे ट्रँझिस्टरचे उपकरण जोडलेले असे. नलिकांच्या नादाच्या आद्य नमुन्यातच ट्रँझिस्टर आहे, ही गोष्ट केवळ नलिकांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ध्यानी घेण्यासारखी आहे.

विरूपणाचे स्थलांतर : मार्शलसारख्या विवर्धकात विरूपणाचा मोठा वाटा प्रदान टप्प्याचा असे व तो मिळविण्यासाठी विवर्धक पूर्ण आवाजात ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. सेलेस्टियनचा १२ इंची ध्वनिक्षेपक एका वॉटला एक मीटर अंतरावर सु. ९७ डेसिबेल ध्वनी देतो. १०० वॉटला त्यात २० डेसिबेलांची भर पडते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक शिफारशीनुसार १०० डेसिबेलांचा ध्वनी दिवसातून १५ मिनिटांपेक्षा अधिक काळ ऐकू नये. आदर्श नादाची किंमत अशी कानांनी मोजावी लागे. टाऊनझेंड यांनाही पुढे श्रवणदोष जडला, मात्र त्याचे खापर त्यांनी मुख्यतः स्टुडिओतील हेडफोनांवर फोडले.

यावर उपाय दोन दिशांनी शोधण्यात आले. एडी व्हॅन हेलन यांनी ‘व्हॅन हेलन’ (१९७८) या मुद्रिकेच्या काळात विवर्धकाला बदलत्या दाबाच्या रोहित्रातून कमी दाबाची वीज पुरविली, तर इतरांनी प्रदान शक्ती रोधात उष्णतेच्या रूपाने जिरविली. दुसरी दिशा अधिक फलदायी ठरली. कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या छोट्या विवर्धकांत फेरफार करता करता पूर्वविवर्धकात एकापुढे एक विवर्धन टप्पे जोडले आणि प्रत्येकाला निराळे नियंत्रण दिले. त्यांच्या ‘बुगी’ विवर्धकांत विरूपण पूर्वविवर्धकातच पूर्ण होई व अखेरच्या नियंत्रणाने आवाज हवा तितका ठेवता येई. मार्शलनेही १९७५ मध्ये असे नियंत्रण असलेले प्रतिमान काढले व १९८१ मध्ये ते ‘जेसीएम ८००’ मालिकेत सामावले. ‘मेटॅलिका’ या वृंदाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) मुद्रिकेतील घट्ट, मध्यम कंप्रता कापलेला नाद स्मिथ यांच्या ‘मार्क टू सी प्लस’ विवर्धकाचा आहे. १९९२ मधील पीव्ही कंपनीचा ‘५१५०’ व त्याच सुमाराचा बुगीचा ‘ड्युअल रेक्टिफायर’ यांनी विवर्धन आणखी वाढविले. त्यांच्यापुढेही खर्ज छाटण्यासाठी आयबानेझचे ‘ट्यूब स्क्रीमर’ हे ट्रँझिस्टरचे उपकरण जोडण्याचा प्रघात पडला. आयोमी यांची युक्ती अशा रीतीने नव्या रूपात परत आली.

नलिका सम संनादी स्वर देतात म्हणून गोड आणि ट्रँझिस्टर विषम देतात म्हणून कर्कश, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. रसेल हॅम यांच्या १९७३ मधील निबंधाने त्याला बळ मिळाले. परंतु मोठ्या विवर्धकांतील प्रदान नलिका जोडीने, परस्परविरुद्ध कलेत काम करतात व त्या रचनेत सम संनादी बव्हंशी रद्द होतात. तेव्हा नलिकांच्या नादाचे श्रेय केवळ या एका कारणाला देता येत नाही. मर्यादेत हळूहळू शिरण्याचा गुण, प्रदान रोहित्र आणि पाच हजार हर्ट्झच्या वरचे जवळजवळ काहीच न देणारा ध्वनिक्षेपक यांचाही त्यात वाटा आहे. ‘पँटेरा’ वृंदाचे डाइमबॅग डॅरल यांनी १९९० नंतर दीर्घकाळ ट्रँझिस्टरच्या विवर्धकावर अत्यंत जड नाद काढला, हेही विसरून चालत नाही.

रेडिओ व दूरचित्रवाणी संचांतून नलिका हद्दपार झाल्यावर यूरोप-अमेरिकेतील बहुतेक मोठे नलिका-कारखाने बंद पडले. भारतात बंगलोर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उद्योगानेही एके काळी रेडिओसाठी नलिका बनविल्या. त्यांतील काही आता परदेशी संग्राहक शोधीत असतात. गिटार विवर्धकांसाठी लागणारा पुरवठा मुख्यतः रशियातील साराटोव्ह, स्लोव्हाकिया व चीन येथील मोजक्या कारखान्यांवर येऊन ठेपला. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे काही काळ तो विस्कळित झाला व किंमती वाढल्या. २०११ नंतर अंकीय उपकरणांनी प्रत्यक्ष विवर्धकाच्या प्रतिसादाची नोंद घेऊन त्याची प्रतिकृती करण्याची पद्धत रूढ केली असून अनेक वादक प्रवासात तीच वापरतात. अशी नोंद घेण्यासाठी मात्र कोणातरी वादकाला मूळ विवर्धक तापवून, नलिका व ध्वनिक्षेपक निवडून, सूक्ष्मध्वनिग्राहक शंकूसमोर बोटभर इकडे-तिकडे सरकवीत हवा तो नाद आधी मिळवावा लागतो.