चांद्याची गोधडी

चांदा जिल्ह्याचा इतिहास म्हटला म्हणजे बल्लारपूरचा किल्ला, चांद्याचा परकोट, गोंड राजांच्या समाध्या हींच नांवें पुढें येतात. वळणीवर घडी घालून टाकलेल्या गोधडीस कोणी इतिहासाचें साधन मानीत नाहीं. तथापि या मुलखांतील सामान्य माणूस काय नेसत होता हें पाहावयाचें असेल, तर गोधडीच उसवून पाहिली पाहिजे. मग ती चांद्याची असो, कीं १९८२ सालीं निराळा जिल्हा झालेल्या गडचिरोलीच्या रानांतली असो.

तुकड्यास तुकडा जोडण्याची कल्पना येथें परकी नव्हे. भद्रावतीस विजासनचें बौद्ध लेणें आहे. मगध देशांतील बांध घातलेलीं शेतें पाहून बुद्धानें आनंदाला तशाच आंखणीचें चीवर शिवावयास सांगितलें, अशी कथा विनयपिटकांत आहे. विजासनच्या लेण्यांत राहिलेले भिक्षूही असेंच तुकड्यांचें चीवर पांघरीत असले पाहिजेत. संन्याशाची कंथा त्याच जातीची. आणि विदर्भांतच जन्मलेल्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक त्यांच्या चिंध्यांच्या वस्त्रावरून ‘गोधडे महाराज’ म्हणत. मात्र कंथा एकट्याची असते. गोधडीस शेजार लागतो.

उन्हाळ्यांत मोहफुलें आणि तेंदूपानें वेचण्याच्या कामांतून जी सवड मिळेल तीत हें काम निघतें. खालीं जुनें लुगडें अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, त्यावर फाटकीं धोतरें, सदरे, चोळ्यांचे तुकडे एकसारखे पसरावयाचे, वरून दुसरें लुगडें घालावयाचें आणि चौघीजणींनीं चार बाजूंस बसून कडेकडून मध्याकडे धांवदोरा घालीत यावयाचें. थर फारच जाड झाला तर सुईऐवजीं दाभण. घरांत नुकतीच आलेली सून जुन्या हाताशेजारीं बसते; तिचे टांके प्रथम लांब आणि तिरके पडतात, ते कोणी उसवीत नाहीं. म्हणून जाणत्या बाईस कोणती ओळ कोणाची हें पुढें कित्येक वर्षें सांगतां येतें.

जुन्या गोधडीवरच नवा थर चढविण्याची रीत असल्यामुळें काळही तींत थरांनीं सांठतो. वरोऱ्याकडे कापूस पिके. आरमोरी, नागभीड या बाजूस ढिवर लोक ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढवीत आणि कोष्टी तो कोसा विणीत. गरिबाचें जाडेंभरडें कापड बहुधा महार विणकरांच्या मागावरचें असे. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. अशा गिरण्यांच्या सुतानें आधीं चरखा मागें पाडला. माग मात्र त्याच सुतावर बरींच वर्षें तगून राहिला. आंत हातसुताचा खरबरीत थर, त्यावर गिरणीचें धोतर, त्यावर छापील चीट, असा हा क्रम आहे. सगळ्यांत वर आतां नायलॉन आणि पॉलिएस्टर आलें. तें सुईखालून निसटतें, घाम टिपीत नाहीं. शिवणाऱ्या बायका तें नाइलाजानें घेतात. एम्प्रेस मिल तर केव्हांच बंद पडली.

अमेरिकेंत बाल्टिमोर शहरीं १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत बायकांनीं मिळून अशाच गोधड्या शिवल्या. प्रत्येक चौकोन निराळ्या नमुन्याचा, आणि पुष्कळदां त्यावर शिवणारणीची सही. त्या आज संग्रहालयांत आहेत आणि त्या बायकांचीं नांवें अभ्यासकांस ठाऊक आहेत. चांद्याकडे सही करण्याची चाल पडली नाहीं; ज्या हातांस सुई ठाऊक होती, त्यांना लेखणी कोणी दिलीच नव्हती. शिवाय येथली गोधडी जपून ठेवण्यासाठीं नव्हे, पांघरण्यासाठीं असते. ती विरत आली कीं तिच्यांतला त्यांतल्या त्यांत धड तुकडा, बहुतेक आजीच्या लुगड्याचा, फार मऊ झालेला असतो म्हणून तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठीं काढून घेतात. उरलेल्याचें पोतेरें होतें.