लाकडी नंदीबैल ते चुंबकाची गोळी : खेळण्यांच्या एका कलमाचा इतिहास

१/९
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंडारा जिल्ह्यात तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा मिळवतात. हा नंदीबैल आणि चुंबकाचे खेळणे, दोघांनाही आज खेळण्यांविषयीचा एकच सरकारी आदेश लागू होतो. त्यामागील मानकात चुंबकाचे कलम कसे आले, त्याचा हा धागा.

२/९
चुंबकाचा खेळ जुनाच. रूसोच्या १७६२ च्या ‘एमिल’मध्ये जत्रेतील जादूगाराचे मेणाचे बदक भाकरीच्या तुकड्यामागे तरंगत येते, करामत चुंबकाची असते. पुढे दीर्घकाळ असे खेळ निर्धोक वाटत राहिले, कारण लहान आकाराच्या चुंबकात फारशी ताकद नसे.

३/९
१९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा चुंबक सिद्ध केला. साध्या फेराइट चुंबकाच्या तुलनेत त्याची ऊर्जा सुमारे दहापट. तो स्वस्त होत गेला, तसा खेळण्यांतही शिरला.

४/९
एकच गोळी गिळली तर ती बहुधा शौचावाटे निघून जाते. दोन गोळ्या थोड्या अंतराने गिळल्या, तर त्या आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात. मध्ये चिमटलेल्या भिंतींचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला भोक पडते. आरंभीची लक्षणे मात्र साध्या पोटदुखीची आणि उलटीची.

५/९
२००५ मध्ये अमेरिकेत वीस महिन्यांचे एक बाळ असेच दगावले. थोरल्या भावंडाच्या ‘मॅग्नेटिक्स’ संचातून चुंबक सुटले होते. मार्च २००६ मध्ये सुमारे ३८ लाख संचांसाठी माघारीची घोषणा झाली. ऑगस्ट २००७ मध्ये मॅटेल कंपनीने जगभरातून १ कोटी ८२ लाख चुंबकी खेळणी परत मागवली.

६/९
यानंतर मानकांनी धोक्याला माप दिले. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावणारा आणि चुंबकीय प्रवाह निर्देशांक ५० किंवा त्याहून अधिक असलेला सुटा चुंबक खेळण्यात नको. गिळता येण्याजोगा आकार आणि ओढीची ताकद, या दोहोंचा मेळ म्हणजे धोका.

७/९
मग चुंबकगोळ्या ‘मोठ्यांसाठी’ अशा शिक्क्याने विकल्या जाऊ लागल्या. अमेरिकेने २०१४ मध्ये त्यांवर नियम केला, २०१६ मध्ये न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला आणि २०२२ मध्ये नवा नियम करावा लागला. डब्यावरचा शिक्का वाचता न येणारी मुले मधल्या काळातही गोळ्या तोंडात घालतच होती.

८/९
भारतात खेळण्यांची मानके आधी ऐच्छिक होती. २०२० चा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना, आयात मालासह, आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना सूट मिळाली. नंदीबैल घडवणाऱ्या सुताराला ती हवी असेल, तर त्याची नोंद हवी.

९/९
आदेशाची व्याख्या ‘मुलांसाठीचे खेळणे’ एवढीच आहे. ‘मोठ्यांसाठी’ लिहिलेला चुंबकगोळ्यांचा डबा त्या व्याख्येच्या उंबरठ्यावर उभा राहतो. अमेरिकेतील वादही इथलाच होता. म्हणून लहान मूल असलेल्या घरात असा डबा आणूच नये. मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली, तरी पोट दुखण्याची वाट पाहू नका. साकोली वा लाखांदूरकडच्या गावातून एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो; तो वेळ हिशेबात धरून लगेच निघा.