सी-क्षेत्राची कुळकथा

अंबरनाथच्या बुवापाड्यात जयंत नारळीकर हे नाव ‘यक्षांची देणगी’मुळे घराघरांत ठाऊक आहे. पण केंब्रिजला ज्या कामाने ते गाजले त्यातलं ‘सी-क्षेत्र’ काय, असं विचारलं तर एखादा जाणकारच म्हणेल, ‘‘ते स्थिर विश्वाचं ना? ते कधीच मोडीत निघालं.’’ विश्व मोडीत निघालं, हे खरं. क्षेत्राचं तसं झालं नाही.

सुरुवात १९४८ची. हर्मन बाँडी व टॉमी गोल्ड यांनी, आणि वेगळ्या वाटेने फ्रेड हॉएल यांनी, स्थिर स्थितीचं विश्व मांडलं. विश्व पसरतं, तरी विरळ होत नाही, कारण नवं द्रव्य सतत जन्मतं. घनमीटरमागे अब्जावधी वर्षांत एखादा अणू पुरतो, तेव्हा तो प्रयोगात सापडण्याची भीती नव्हती. प्रश्न होता ऊर्जेच्या हिशेबाचा. हॉएलनी आइन्स्टाइनच्या समीकरणात निर्मितीचं एक पद घातलं, पण ते आलं कुठून, हे सांगता येत नव्हतं.

तोडगा सुचवला मॉरिस प्राइस यांनी, १९६०च्या सुमारास, तोही खासगीत. निर्मितीमागे एक अदिश क्षेत्र (दर बिंदूला एक संख्या, दिशा नाही) माना आणि त्याची ऊर्जा ऋण धरा, एवढंच त्यांचं म्हणणं. हेच सी-क्षेत्र, ‘क्रिएशन’ म्हणजे निर्मितीचं ‘सी’. सगळं गणित उभं केलं ते हॉएल आणि त्यांचे कोल्हापुरात जन्मलेले, बनारसला वाढलेले विद्यार्थी नारळीकर यांनी.

यातली गंमत जरा जवळून बघण्यासारखी आहे. कण जन्मला की जितकी ऊर्जा तो घेतो तितकीच ऋण ऊर्जा क्षेत्रात जमा होते. बेरीज बिघडत नाही. ऋण ऊर्जेबरोबर ऋण दाब येतो, त्यातून गुरुत्वाचं प्रतिकर्षण, आणि अवकाश फुगू लागतं. म्हणजे जे द्रव्य घडवतं तेच ते पांगवतंही. शिवाय निर्मितीला एक उंबरठा आहे: क्षेत्राची तीव्रता जन्मणाऱ्या कणाच्या वस्तुमानाला गाठेल तिथेच कण निर्माण होणार. अतिघन वस्तूंजवळ ती वाढते.

१९६३मध्ये दोघांनी दाखवलं, की असं विश्व आरंभी कितीही ओबडधोबड असलं तरी प्रसरणात गुळगुळीत होत जातं. १९६५मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना महास्फोटाची उरलेली ऊब मानलं जाणारं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण सापडलं आणि स्थिर स्थितीचा पाया हादरला. १९६६मध्ये हॉएल-नारळीकरांनी नवा डाव टाकला. भन्नाट वेगाने फुगणाऱ्या दाट विश्वात कुठे कुठे निर्मिती थांबते, तिथे बुडबुडा तयार होतो. आपण पाहतो ते विश्व असाच एक बुडबुडा आहे.

हे वाचताना १९८१ आठवतं. ॲलन गूथ यांनी त्या वर्षी मांडलेल्या ‘इन्फ्लेशन’मध्ये, म्हणजे अतिप्रसरणात, अदिश क्षेत्र आहे, ऋण दाब आहे, घातांकी फुगवटा आहे, बुडबुडेसुद्धा आहेत. १९८५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नारळीकर आणि थाणू पद्मनाभन यांनी निबंधच लिहिला, की आदिबिंदू (अनंत घनतेचा आरंभ), क्षितिज (कधी संपर्क न आलेले भाग सारखे कसे) आणि सपाटपणा (अवकाश जवळपास वक्र का नाही) ही तिन्ही कोडी सी-क्षेत्रही सोडवू शकतं.

मग अग्रमान कुणाचा? माझ्या मते सी-क्षेत्र हे इन्फ्लेशनचे वडील नव्हेत, फार तर चुलत आजोबा. चेहरा जुळतो, वारसा नाही. गूथ कणभौतिकीच्या वाटेने आले, त्यांच्या क्षेत्राची ऊर्जा धन आहे आणि ते थोड्याच काळात विरतं. सी-क्षेत्राचं तर कामच आरंभाचा क्षण टाळणं. शिवाय इन्फ्लेशनमधून पार्श्वप्रारणातल्या चढउतारांचा जो नमुना निघतो आणि निरीक्षणांशी जुळतो, तसा तिकडून सहजी निघत नाही. हॉएल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३मध्ये मांडलेली ‘क्वासी स्टेडी स्टेट’ आवृत्ती इथेच अडली. पार्श्वप्रारण म्हणजे लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून परत फेकलेला ताऱ्यांचा प्रकाश, हे तिचं उत्तर बहुतेकांना पटलं नाही. नारळीकर मात्र २०२५मध्ये निधन होईपर्यंत महास्फोटाबद्दल साशंकच राहिले.

ऋण ऊर्जेची कल्पना मात्र परत आली. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी २००२मध्ये विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेसाठी ‘फँटम’ क्षेत्र चर्चेत आणलं. त्याच्या साध्या रूपात गतिज ऊर्जेचं चिन्ह उलटं, सी-क्षेत्रासारखंच. २०२४ आणि २०२५च्या ‘डेसी’ या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाच्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा कधीकाळी फँटमसारखी वागली असावी, असे संकेत आहेत. पक्कं काही नाही. अशा क्षेत्राची जुनी खोडही कायम आहे: ऊर्जेला तळच नसल्याने रिकामं अवकाश आपोआप धन आणि ऋण ऊर्जेच्या कणांत फुटू शकतं, आणि ते कसं रोखायचं यावर अजून निबंध लिहिले जात आहेत.