दुरुस्ती तयार होती, तरी फोन असुरक्षित का राहिले? ‘आउट-ऑफ-ट्री’ पॅचची गोष्ट

ऑक्टोबर २०१९ मध्ये गुगलच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या सुरक्षा पथकाने अँड्रॉइडमधली एक गंभीर त्रुटी जाहीर केली. तिच्या आधारे पिक्सेल २ सह अनेक फोनचा पूर्ण ताबा घेता येत होता. चक्रावणारी गोष्ट म्हणजे लिनक्समध्ये ही त्रुटी फेब्रुवारी २०१८ मध्येच दुरुस्त झाली होती. ती दुरुस्ती या फोनपर्यंत पोहोचलीच नव्हती.

असं का झालं?

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. हार्डवेअर आणि ॲप्स यांच्यामधला हा दुवा. त्याची मूळ प्रत लिनस टॉरवाल्ड्स सांभाळतात. तिला ‘मेनलाइन’ म्हणतात. पण फोनमध्ये मेनलाइन जशीच्या तशी येत नाही. आधी गुगल त्यात बदल करतं, मग चिप बनवणारी कंपनी, मग फोन बनवणारी. मेनलाइनमध्ये नसलेले हे बदल म्हणजे ‘आउट-ऑफ-ट्री पॅच’. गुगलच्याच माहितीनुसार एखाद्या फोनमधला तब्बल ५० टक्क्यांपर्यंत कर्नल कोड असा बाहेरचा असू शकतो.

पॅच लिहिणं तुलनेनं सोपं, सांभाळणं कटकटीचं. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो. ज्या ओळींवर पॅच बेतलेला असतो, त्याच बदललेल्या असतात. मग प्रत्येक पॅच नव्या कोडवर पुन्हा बसवायचा (याला ‘रीबेस’ म्हणतात), तपासायचा, आणि तो एव्हाना मेनलाइनमध्ये गेला असेल तर आपल्या यादीतून काढायचा. हे काम टाळलं की कंपनी जुन्याच कर्नलवर अडकते.

हिशोब कसा ठेवतात?

‘क्विल्ट’ हे जुनं साधन पॅचची नावं ‘सीरिज’ नावाच्या फाइलमध्ये क्रमाने ठेवतं. क्रम चुकला, तर पॅच बसेलच असं नाही. ‘गिट’मध्ये ‘गिट चेरी’ ही कमांड आपल्यापैकी कोणते बदल वर आधीच गेलेत ते दाखवते. अँड्रॉइडची पद्धत तर सरळ लेबल लावण्याची आहे. ‘अपस्ट्रीम’ म्हणजे मेनलाइनमधून जसाच्या तसा घेतलेला पॅच, ‘बॅकपोर्ट’ म्हणजे फेरफार करून घेतलेला, ‘फ्रॉमलिस्ट’ म्हणजे मेनलाइनसाठी पाठवलेला पण अजून न स्वीकारलेला. आणि ‘अँड्रॉइड’ म्हणजे फक्त आपल्यापुरता. डोकेदुखी बहुतेक या शेवटच्या गटाची, कारण तो कायमचा सांभाळावा लागतो.

कधीकधी हा सांभाळ फारच लांबतो. लिनक्सला ‘रिअल-टाइम’ बनवणारा, म्हणजे ठरलेल्या वेळेत हमखास प्रतिसाद द्यायला लावणारा ‘प्रीएम्प्ट-आरटी’ हा पॅचसंच सुमारे २० वर्षं मेनलाइनबाहेर होता. त्याचे तुकडे एकेक करून आत जात राहिले. उरलेला महत्त्वाचा भाग २०२४ मध्ये, ६.१२ या आवृत्तीत आला.

अँड्रॉइडमध्ये यावर उपाय म्हणून ‘जेनेरिक कर्नल इमेज’ आली. अँड्रॉइड १२ पासून, ५.१० किंवा त्यापुढच्या कर्नलसह बाजारात येणाऱ्या फोनमध्ये गाभा गुगलचा एकसारखा असतो आणि चिप किंवा फोन कंपनीचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये. त्यामुळे कंपनीच्या कोडला हात न लावता गाभ्यातली दुरुस्ती करता येते. अर्थात, अपडेट फोनवर पाठवणं अजूनही कंपनीच्याच हातात आहे.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली कर्नल आवृत्ती दिसते. तिथे ‘५.१०’सारख्या आकड्यांनंतर ‘अँड्रॉइड१२’ असं काही लिहिलेलं असेल, तर ते कर्नलच्या शाखेचं नाव आहे. फोनमधल्या अँड्रॉइडची आवृत्ती त्याहून नवी असू शकते.