यकृताच्या तेलापासून हाडांपर्यंत
हाडांची घनता मोजणं हे माझं रोजचं काम. यकृताचा जुना आजार असलेले रुग्ण टेबलावर आडवे होता होता विचारतात, "ताई, दुखणं लिव्हरचं, मग कंबरेचा फोटो कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बरंच जुनं आहे.

नॉर्वेचे कोळी कॉड माशांची यकृतं लाकडी पिंपात कुजत ठेवत आणि वर तरंगणारं तपकिरी, उग्र तेल काढून घेत. १८५० च्या दशकात पीटर मोलर यांनी वाफेवर ते स्वच्छ काढलं. या तेलाने मुडदूस टळतो, हे १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी लंडनमध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर दाखवलं. पुढे त्यातलं ड जीवनसत्त्व सापडलं.

मला मोलाचा वाटतो तो १९६८ चा शोध. अमेरिकेत विस्कॉन्सिनला संशोधक डेलुका यांच्या गटाने या जीवनसत्त्वाचं रक्तात फिरणारं रूप ओळखलं. ते घडतं मुख्यतः यकृतात! शिवाय पित्त अडलं की आतड्यातून ड जीवनसत्त्व नीट शोषलंच जात नाही. यकृताच्या जुन्या आजारात नवं हाड घडण्याचा वेगही मंदावतो. म्हणून कंबरेचा फोटो.

घरात यकृताचा जुना रुग्ण असेल, तर हाडांच्या तपासणीचं डॉक्टरांना आपणहून विचारा. मणका पिचेपर्यंत थांबू नका.