टाक

देवतेची उठावदार प्रतिमा असलेला धातूचा छोटा पत्रा. चांदी, पितळ वा तांब्याचा पातळ पत्रा साच्यावर ठोकून तो घडवतात. खंडोबाच्या टाकावर घोड्यावर बसलेला देव, सोबत म्हाळसा आणि पायाशी कुत्रा दिसतो. पूर्वजांचेही टाक असतात. देवघरातला टाक जेजुरीसारख्या क्षेत्री देवभेटीला नेतात. झिजला की त्याचे विसर्जन करून नवा घडवतात. म्हणून फार जुने टाक थोडेच उरतात.

टाकाशी तुलना करण्याजोगे उदाहरण युरोपातले: मध्ययुगात इंग्लंडमधील कँटरबरीचे यात्रेकरू शिसे-कथिलाची स्वस्त ओतीव चिन्हे अंगावर मिरवत. थेम्सच्या गाळात ती पुष्कळ सापडली. टाक मात्र मिरवायचा नसतो, पुजायचा असतो. तो संग्राहकाकडे गेला की ज्या घराण्यात तो पुजला जाई त्याचे नाव हरवते, हे मोठे नुकसान. १०० वर्षांहून जुना टाक १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतो; खासगी व्यक्तीला तो निर्यात करता येत नाही.